पेरोव्स्काइट सौरघटातला पाझर

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा केळीच्या बागेशेजारी उभ्या असलेल्या सौर पंपाच्या पॅनेलला हात लावून पाहावा. काच हाताला सोसवत नाही. अशा दिवशी पंप सर्वांत जोरात चालेल असे कोणालाही वाटेल, आणि तो तसा चालत नाही हे पाहिले की शेतकरी पंपात किंवा बोअरमध्ये दोष शोधू लागतो. दोष बहुधा दोन्हींत नसतो. आपल्या बोलण्यात 'ऊन' हा एकच शब्द उजेडासाठीही चालतो आणि तापासाठीही. पॅनेलला मात्र त्यातला उजेड तेवढा हवा असतो, आणि ताप त्याचे नुकसानच करतो.

हे नुकसान हिशेबात मांडता येते. पॅनेलवर लिहिलेली वॅटची क्षमता २५ अंश तापमानाला आणि चौरस मीटरला १००० वॅट इतक्या प्रकाशात मोजलेली असते. सिलिकॉनचा सौरघट २५ अंशांच्या वर गेला की दर अंशाला त्याची शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. उन्हाळ्यातल्या दुपारी घटाचे तापमान ६५ अंशांपर्यंत सहज चढते. म्हणजे ४० अंश जास्त, आणि शक्ती १२ ते १६ टक्के कमी. पाच अश्वशक्तीच्या पंपाला जवळपास पाच किलोवॅटचे पॅनेल लागतात हे धरले, तर सुमारे ७०० वॅट, म्हणजे जवळजवळ एक अश्वशक्ती, नुसत्या तापण्यात जाते. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ साली सुरू झाला, आणि आता तर शेताशेतांत सौर पंप दिसतात. म्हणून 'कार्यक्षमता' हा शब्द आपण आपल्या जमिनीवर उभे राहून समजून घेतला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. सध्या ज्या पदार्थाविषयी सर्वांत जास्त बोलले जाते, त्या पेरोव्स्काइटची कार्यक्षमता कशी वाढवली गेली आणि ती आता कुठे अडते आहे, ते या लेखात पाहू.

पेरोव्स्काइट हे मुळात एका खनिजाचे नाव आहे. कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे हे खनिज १८३९ साली उरल पर्वतात सापडलेल्या नमुन्यात गुस्ताव रोझ यांनी ओळखले आणि लेव्ह पेरोव्स्की या रशियन खनिजप्रेमी सरदाराचे नाव त्याला दिले. सौरघटात हे खनिज वापरत नाहीत. त्याच्या अणूंची मांडणी तेवढी उसनी घेतलेली आहे. या मांडणीत शिशाच्या प्रत्येक अणूभोवती आयोडीनचे सहा अणू असतात, असे गट कोपऱ्याला कोपरा लावून जोडलेले असतात, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक मोठा धनभारित घटक बसतो. तो मिथिलअमोनियम किंवा फॉर्मअमिडिनियम यांसारखा सेंद्रिय रेणू असतो, नाहीतर सिझियम हा धातू असतो. आयोडीनच्या काही जागी ब्रोमीनही घालता येते. हे सगळे क्षार द्रावणात विरघळवून काचेवर पसरायचे आणि साधारण १०० ते १५० अंशांवर तापवायचे, की अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास जाडीचा काळसर थर तयार होतो. सिलिकॉन स्फटिकरूपात वाढवण्यासाठी ते १४०० अंशांच्या वर वितळवावे लागते, आणि त्याची चकती या थरापेक्षा शेकडो पट जाड असते. हा फरक लक्षात घेतला की या पदार्थामागे एवढे लोक का लागले आहेत ते कळते.

जपानमध्ये त्सुतोमु मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली पहिला पेरोव्स्काइट सौरघट जाहीर केला, तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. म्हणजे पडलेल्या १०० वॅट प्रकाशातून चार वॅटही वीज निघत नव्हती, आणि आतला द्रव पेरोव्स्काइटलाच विरघळवत असल्यामुळे तो घट फार टिकतही नव्हता. २०१२ साली द्रवाऐवजी घन थर वापरून कार्यक्षमता १० टक्क्यांच्या आसपास गेली, आणि त्यानंतरच्या बारा वर्षांत प्रयोगशाळेतले आकडे २६ टक्क्यांच्या पुढे पोचले. सिलिकॉनचा घट १९५४ साली बेल लॅबमध्ये सुमारे सहा टक्क्यांवर सुरू झाला होता. त्याला २५ टक्क्यांपर्यंत यायला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

ही वाढ प्रकाश जास्त पकडून झाली, असा समज मी अनेकदा ऐकला आहे. प्रकाश शोषण्यात हा पदार्थ पहिल्या दिवसापासून हुशार होता. वाढ झाली ती पकडलेली ऊर्जा वाटेत कमी सांडू लागल्यामुळे. आपल्या भागात हे समजावायला दूर जावे लागत नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर जुनी फड पद्धत आहे: नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि पाणी वाटून देणारा पाटकरी. बंधाऱ्यात पाणी किती आले हा एक प्रश्न, आणि शेवटच्या शेतात किती पोचले हा दुसरा. पेरोव्स्काइटचे संशोधन जवळजवळ सगळे दुसऱ्या प्रश्नावर झालेले आहे.

पहिल्या प्रश्नाचा हिशेब मात्र आधी उरकायला हवा, कारण त्यावरूनच कमाल मर्यादा ठरते. प्रकाश ऊर्जेच्या छोट्या छोट्या पुड्यांत येतो, आणि सिलिकॉन, पेरोव्स्काइट यांसारख्या प्रत्येक अर्धवाहकाला स्वतःचा ऊर्जेचा एक उंबरठा असतो. पुडीची ऊर्जा उंबरठ्यापेक्षा कमी असेल तर ती पदार्थातून आरपार जाते. जास्त असेल तर इलेक्ट्रॉन वर उचलला जातो, पण उंबरठ्याच्या वरची ऊर्जा क्षणार्धात उष्णता होऊन निघून जाते. उंबरठा खाली ठेवला तर पुष्कळ पुड्या कामी येतात, पण प्रत्येकीतून थोडेच मिळते. वर ठेवला तर प्रत्येकीतून जास्त मिळते, पण पुड्याच कमी पडतात. या ओढाताणीतून निघणारी मर्यादा शॉकली आणि क्वेसर यांनी १९६१ साली मांडली. आजच्या हिशेबाने ती अशी: एकाच पदार्थाच्या घटाला, १.३४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (हे अशा सूक्ष्म ऊर्जेचे माप) आदर्श उंबरठ्यावर, फार तर ३३.७ टक्के. सिलिकॉनचा उंबरठा १.१२ आहे आणि त्याचे स्वतःचे अंगभूत नुकसान धरून त्याची मर्यादा २९.४ टक्क्यांवर येते. नेहमीच्या पेरोव्स्काइटचा उंबरठा १.५ ते १.६ च्या दरम्यान असतो, म्हणून त्याची मर्यादा ३१ टक्क्यांच्या आसपास पडते.

आता पाझराकडे येऊ. इलेक्ट्रॉन वर उचलला गेला की त्याच्या मूळ जागी पोकळी राहते, आणि ही पोकळी धनभारासारखी वागते. इलेक्ट्रॉन थराच्या एका बाजूला आणि पोकळी दुसऱ्या बाजूला निघून गेली, तरच बाहेरच्या तारेत वीज वाहते. वाटेत दोघे पुन्हा भेटले तर मिळवलेली ऊर्जा गेली. या भेटीचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात ऊर्जा प्रकाश होऊन परत बाहेर पडते. हे निसर्गनियमाने अटळ आहे आणि शॉकली-क्वेसर मर्यादेत ते आधीच धरलेले आहे. दुसऱ्या प्रकारात स्फटिकातल्या एखाद्या दोषापाशी इलेक्ट्रॉन अडकतो, पोकळी तिथे येऊन त्याला गाठते, आणि ऊर्जा नुसती उष्णता बनते. कमी करता येण्यासारखे नुकसान हेच. त्यावरून एक विलक्षण गोष्ट निघते, आणि ती मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: चांगला सौरघट हा चांगला दिवाही असावा लागतो. विजेच्या दाबावर ठेवला असता जो घट उत्तम उजळतो, त्यात उष्णतेचा पाझर कमी आहे असे समजावे. त्याचे माप ठरलेले आहे: एकूण भेटींपैकी प्रकाश देणाऱ्या भेटींचे प्रमाण दहा पटींनी घटले, की घटाच्या व्होल्टेजमधले साधारण ६० मिलिव्होल्ट जातात. घट जेमतेम १.२ व्होल्ट देत असतो, हे ध्यानात घेतले की अशा दोन-तीन पायऱ्या किती महाग पडतात ते कळेल. पाटातल्या पाझरासारखेच हे आहे. पाणी कुठे मुरले ते डोळ्यांना दिसत नाही, शेवटच्या चारीत दाब पडतो तेव्हा ते कळते.

पेरोव्स्काइटचा जन्मजात गुण असा की त्याच्या पोटात राहणारे बहुतेक दोष उथळ असतात. इलेक्ट्रॉन त्यात अडखळतो, पण अडकून राहत नाही. म्हणूनच सिलिकॉनला लागते तशी कमालीची शुद्धता नसतानाही, बाटलीतल्या द्रावणातून केलेला थर काम देतो. खोल आणि घातक दोष असतात ते पृष्ठभागावर आणि स्फटिककणांच्या सीमांवर, जिथे आयोडीनचा अणू निसटलेला असतो आणि शिशाचा अणू एका बाजूने उघडा पडलेला असतो. हे उघडे कोपरे झाकण्याच्या क्रियेला पॅसिव्हेशन म्हणतात, आणि गेल्या दशकातल्या वाढीचा फार मोठा वाटा या एका क्रियेचा आहे. एका टोकाला अमोनियमचा गट आणि दुसऱ्या टोकाला मोठी सेंद्रिय शेपटी असलेला क्षार थरावर हलकेच पसरला, की अमोनियमचे टोक रिकाम्या जागेत बसते आणि शेपटी वर राहून पाण्याच्या वाफेलाही दूर ठेवते. चिनी संशोधकांनी २०१९ साली फेनइथिलअमोनियम आयोडाइड हा असाच क्षार वापरून २३.३ टक्के कार्यक्षमता गाठली. उघड्या शिशाला इलेक्ट्रॉनांची जोडी देऊ शकणारे नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधक असलेले रेणूही हेच काम करतात. पाटाच्या भेगा चिकणमातीने लिंपाव्यात तसे हे लिंपण आहे. पण लिंपण जाड झाले तर पाटच अरुंद होतो. हे सेंद्रिय रेणू स्वतः वीज वाहू देत नाहीत, म्हणून थर अगदी विरळ ठेवावा लागतो.

थर मुळातच सपाट आणि बिनभेगांचा पडला तर लिंपायचे काम कमी होते, आणि तिथे वाळवण्याची कला येते. आपल्याकडे उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे घालणाऱ्या बायकांना हे वेगळे सांगायला नको. घाटा पातळ झाला, थापताना कुठे जाड कुठे विरळ राहिला, किंवा वाळताना वारा एकाच बाजूने लागला, तर बिबडा फाटतो. पेरोव्स्काइटचे द्रावणही सावकाश वाळू दिले तर मोजक्याच ठिकाणी स्फटिक धरतात, ते वेडेवाकडे वाढतात आणि मध्ये उघडी काच राहते. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१४ साली यावर एक युक्ती दाखवली: काच वेगाने फिरत असताना, नेमक्या क्षणी, क्षार ज्यात विरघळत नाहीत असे टोल्युइन तिच्यावर टाकायचे. त्यामुळे मूळ द्रावक एकदम ओढला जातो, सगळीकडे एकाच वेळी असंख्य स्फटिक धरतात, आणि थर आरशासारखा गुळगुळीत बसतो. यात काही सेकंदांचा फरकही चालत नाही, आणि हवेतल्या आर्द्रतेचाही परिणाम होतो. एकाच पद्धतीने दोन प्रयोगशाळांत वेगळे आकडे येतात, ते बऱ्याचदा यामुळेच.

थराच्या वर आणि खाली निवडक वाटा लागतात: एका बाजूने फक्त इलेक्ट्रॉन जावेत, दुसऱ्या बाजूने फक्त पोकळ्या. चारीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पाटकऱ्याचेच हे काम. इलेक्ट्रॉनांसाठी सुरुवातीला टायटॅनियम डायऑक्साइड वापरत. पण अतिनील किरणांत ते शेजारच्या पेरोव्स्काइटचे विघटन घडवते, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याची जागा टिन ऑक्साइडने घेतली. पोकळ्यांच्या बाजूला मोठी सुधारणा लिथुआनियातल्या कौनास येथे तयार झालेल्या रेणूंमुळे झाली. हे रेणू खालच्या पारदर्शक विद्युतवाहक थराला स्वतःहून चिकटतात आणि अवघ्या एका रेणूच्या जाडीचा थर बनवतात. वाट इतकी आखूड झाली की अडथळाही तितकाच कमी राहतो. बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्राने याच रेणूंच्या मदतीने २०२० साली सिलिकॉनसोबतच्या जोडघटात, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन घटांत, २९.१५ टक्के गाठले. इलेक्ट्रॉनांच्या बाजूला वापरल्या जाणाऱ्या कार्बन-६० च्या (साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूंच्या) थराशी मात्र अजून बराच पाझर आहे, आणि सध्याच्या कामाचा मोठा भाग त्या एका सीमेवर चाललेला आहे.

जोडघटाची कल्पना बाजार समितीत धान्य चाळताना पाहिली आहे, असे म्हणता येईल. वरच्या चाळणीवर मोठे दाणे अडतात, बारीक दाणे खालच्या चाळणीवर पडतात, आणि दोन्हींचा भाव वेगळा मिळतो. साधारण १.६८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंबरठ्याचे पेरोव्स्काइट वर ठेवले, की निळ्या-हिरव्या प्रकाशाच्या जड पुड्या ते घेते आणि त्यांतून जास्त व्होल्टेज काढते. तांबड्याच्या टोकाचा आणि अवरक्त प्रकाश आरपार जाऊन खालच्या सिलिकॉनला मिळतो. अशा जोडीची सैद्धांतिक मर्यादा ४० टक्क्यांच्या वर जाते. चीनच्या लोंगी कंपनीच्या लहान जोडघटाने २०२५ साली ३४.८५ टक्के नोंदवले, म्हणजे एकेरी घटाला कधीच ओलांडता येणार नाही ती ३३.७ ची रेषा प्रत्यक्षात ओलांडली गेली आहे. दोन घट एकामागोमाग जोडले की दोघांतून सारखाच प्रवाह जावा लागतो आणि ज्याचा प्रवाह कमी, त्याच्यावर सगळे अडते. म्हणून वरच्या थराची जाडी आणि उंबरठा फार नेमके धरावे लागतात. दोघांच्या तारा वेगळ्या काढल्या तर ही अट सुटते, पण तारा आणि जोडण्यांचा खर्च वाढतो. आयआयटी मुंबईत २०१० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्रात या वेगळ्या तारांच्या जोडघटांवर काम चालते.

उंबरठा १.६८ करण्यासाठी आयोडीनच्या जागी ब्रोमीन वाढवावे लागते, आणि तिथे एक खोड आहे. ब्रोमीन जास्त झाले तर उजेड पडताच आयोडीन आणि ब्रोमीन थरातल्या थरात वेगवेगळे गोळा होऊ लागतात. आयोडीनबहुल जागांचा उंबरठा खाली असल्याने इलेक्ट्रॉन तिकडे घरंगळतात आणि व्होल्टेज पडते. यावर उपाय म्हणजे मधल्या जागेत फॉर्मअमिडिनियमबरोबर सिझियम बसवणे, म्हणजे कमी ब्रोमीनमध्येच हवा तो उंबरठा मिळतो.

सिझियमचे नाव निघाले म्हणून पुन्हा आपल्या उन्हाकडे. तापल्यावर पेरोव्स्काइटच्या व्होल्टेजची घट सिलिकॉनच्या मानाने कमी असते, म्हणून शक्तीही कमी घटते: दर अंशाला साधारण ०.१ ते ०.२ टक्के. वर मांडलेल्या हिशेबात ४० अंशांना १२-१६ टक्क्यांऐवजी चार ते आठ टक्के नुकसान. खान्देशाला हा पदार्थ शोभावा असे वाटते, आणि नेमकी इथेच सर्वांत अवघड अडचण आहे, कारण ज्या तापात त्याचे व्होल्टेज टिकते त्याच तापात त्याचा स्फटिक ढासळू शकतो. सुरुवातीच्या घटांतले मिथिलअमोनियम ८५ अंशांच्या आसपास दीर्घकाळ ठेवले तर हळूहळू वायू होऊन निघून जाते आणि मागे पिवळे शिसे-आयोडाइड उरते. फॉर्मअमिडिनियम ताप जास्त सोसते, पण ते त्या जागेला थोडे मोठे पडते, आणि साध्या तापमानाला काळा स्फटिक आपोआप निरुपयोगी पिवळ्या रूपात जाऊ पाहतो. लहान आकाराचे सिझियम थोडे मिसळले की मांडणी पुन्हा बेताची बसते. आज टिकाऊ म्हणून जी मिश्रणे पुढे येत आहेत ती बहुतेक या दोघांची आहेत.

पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात, आणि उणे ४० ते ८५ अंशांच्या २०० फेऱ्या देतात. १००० तास म्हणजे जेमतेम ४२ दिवस. सिलिकॉनसाठी हे पुरेसे निदर्शक ठरले, कारण त्याचे झिजणे बरेचसे बाहेरून होते. पेरोव्स्काइटमध्ये मात्र उजेड आणि ताप एकत्र आले की आयोडीनचे आयन (विद्युतभारित अणू) आतल्या आत सरकू लागतात, म्हणून अंधाऱ्या भट्टीत पास झालेला घट प्रकाशात नापास होऊ शकतो. मेमधली आपली दुपार उजेड आणि ताप दोन्ही एकदम देते, आणि जुलैत त्यात ओल मिसळते. त्यामुळे प्रकाशात ठेवून, तापवून, दिवस-रात्रीच्या फेऱ्या देऊन घेतलेल्या चाचण्यांना मी जास्त मान देतो.

विक्रमी आकड्यांबाबत आणखी एक गोष्ट विसरू नये. एकेरी पेरोव्स्काइटचे अनेक विक्रम एक चौरस सेंटीमीटरपेक्षाही लहान तुकड्यावरचे आहेत. क्षेत्रफळ वाढले की जाडीतला फरक, एखादे छिद्र, एखादी रेघ यांची शक्यता वाढते, आणि काच फिरवून द्रावण पसरवण्याची पद्धत तर मोठ्या काचेला चालतच नाही. तिथे बारीक फटीतून द्रावण सोडणारी किंवा निर्वातात वाफेने थर देणारी यंत्रे लागतात.

शिशाचा प्रश्न शेतीच्या जमिनीवर जास्त गंभीरपणे विचारला पाहिजे. थर इतका पातळ असतो की चौरस मीटरला एक ग्रॅमपेक्षा कमी शिसे लागते. तरीही फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट केळीबरोबर काचही फोडते, आणि हे शिसे अशा संयुगात असते जे पाण्यात थोडेफार विरघळते. पॅनेलच्या आत शिसे धरून ठेवणारे थर बसवण्याचे प्रयोग झाले आहेत आणि त्यांनी गळती खूपच कमी होते. शिशाऐवजी कथिल वापरता येते, पण हवेत ते लवकर बिघडते आणि कार्यक्षमताही कमी मिळते. फुटलेले पॅनेल परत घेण्याची व्यवस्था कोण करणार, हे विक्रीच्या आधीच ठरायला हवे.

बाजारात याची सुरुवात झालेली आहे. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने २०२४ साली जोडघटांचे पहिले पॅनेल अमेरिकेतल्या ग्राहकाला पाठवले. पूर्ण पॅनेलची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. ते ऐकून, सौर पंपाचा अर्ज आत्ता भरावा की थोडे थांबावे, असे कोणी मला विचारले तर मी थांबू नका म्हणेन. २२ टक्क्यांचे सिलिकॉन पॅनेल २५ वर्षे चालले तर टक्के आणि वर्षे यांचा गुणाकार ५५० होतो. ३४ टक्क्यांचे पॅनेल पाच वर्षांत निकामी झाले तर तो १७० वर थांबतो. हा ढोबळ हिशेब आहे, कारण दोन्ही पॅनेल वर्षागणिक थोडे झिजतातच. पण ३४ टक्क्यांच्या पॅनेलला सिलिकॉनची बरोबरी करायची तर त्याला आपल्या उन्हात निदान सोळा वर्षे काढावी लागतील, एवढे त्यातून नक्की कळते.